भिंतीवरचा जावई

आमच्या नांदेडच्या घरात जावई भिंतीवर राहतो. टीव्हीच्या वर, घड्याळाच्या शेजारी, अण्णा-आईच्या लग्नाच्या फोटोच्या जरा खाली. रंगाने पांढरा, अंगाने गोल, मोठ्या पेरूएवढा, आणि मान फिरवतो. लोकांचे जावई दिवाळीला येतात, चार दिवस राहतात, रुसतात, अंगठी घेतात आणि जातात. आमचा आला तो गेलाच नाही.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन गरम होईपर्यंत गिऱ्हाइकाला धरून ठेवावं लागतं, म्हणून ही गोष्ट मी तिथे पुष्कळांना ऐकवली आहे. हातवारे करतो, आईचा आवाज काढतो, कॅमेऱ्यासारखी मान फिरवून दाखवतो. लोक पोट धरून हसतात. ते गेले की मी स्टुलावर बसतो आणि पुढचा कागद उचलायचंसुद्धा जिवावर येतं. कारण सांगायला ही गोष्ट हलकी आहे, पण तिच्यापायी अहमदपूर, लोहा करत एसटीने रविवारमागून रविवार नांदेडला जाणारा माणूस मी होतो.

सुरुवात अण्णांपासून झाली. अण्णा म्हणजे आमचे वडील. मागची थंडी सरता सरता ते न्हाणीत घसरले आणि मनगट मोडून बसले. माझी धाकटी बहीण पुण्यात असते. तिने फोनवर रडून घर डोक्यावर घेतलं. तिच्या नवऱ्याने रडण्यात वेळ घालवला नाही. तो एका कंपनीत इंजिनियर आहे. सुट्टी काढून, एक डबा आणि ड्रिल मशीन घेऊन तो थेट नांदेडला आला.

माणूस सोन्यासारखा आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी त्याच्या नावाने बोटं मोडायला नकोत. न सांगता पाया पडतो, पानात पडेल ते खातो, सासुरवाडीच्या पंख्याला नावं ठेवत नाही. त्याने स्वतः टेबलावर चढून भिंतीला भोकं पाडली, कॅमेरा बसवला, तो आपल्या मोबाईलला जोडला आणि खाली उतरून मोठ्या मायेने म्हणाला, "आई, आता तुम्ही दोघं एकटे नाहीत. मी तुम्हाला केव्हाही बघू शकतो."

आई तेव्हा दिवाणावर बसली होती. ते वाक्य ऐकलं आणि तिने पदर डोक्यावर ओढला. मग हळूच दिवाणावरून उतरली आणि खाली सतरंजीवर बसली. समोर जावई उभा, तेव्हा त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही. आमच्याकडे सासू जावयासमोर वर बसत नाही, डोक्यावरचा पदर पडू देत नाही, त्याच्यासमोर जेवत नाही आणि त्याच्याशी थेट बोलतही नाही. तिसऱ्याच्या तोंडून बोलते. एक दिवसाची गोष्ट असते. जावई गेला की सासू पाय पसरते आणि म्हणते, सुटले बाई.

संध्याकाळच्या गाडीने जावई पुण्याला गेला. आई सतरंजीवरून उठली नाही.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हाही ती खालीच. पदर डोक्यावर. अण्णा, जे गेली कित्येक वर्षं घरात बनियनवर राहिले, ते उन्हाळा सुरू होत असताना गळ्यापर्यंत बटणं लावून सोफ्यावर बसले होते. लग्नाच्या मांडवात पोरीचा बाप बसतो तसे.

"आई, खाली कामून बसलीस? डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"हळू बोल," आई म्हणाली आणि डोळ्यांनी भिंतीकडे खूण केली. "जावई बगायलेत."

"ते हापिसात असतेत आता."

"हापिसात बसून बगायलेत."

"चोवीस तास बघत नसतात गं ते. त्यांना दुसरं काम नाही का?"

"बगत नसतील. पण बगू शकतेत का न्हाई? आं? जावई घरात येऊन पाठ करून बसले तर मी काय दिवाणावर लोळू का? पाठ केली तरी ते जावईच की."

 

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते असं. आईच्या दोन्ही गुडघ्यांतली वाटी झिजली आहे. मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, उंच खुर्ची वापरायची, आणि सहा-आठ महिन्यांत ऑपरेशनचं मनावर घ्यायचं. ऑपरेशन पुण्याला करायचं, सगळं बहीण आणि जावई बघणार, असं ठरलंही होतं. उंच खुर्चीचं काम माझ्याकडे आलं. मी लातूरच्या सुताराकडून सागवानी हातांची, आईच्या मापाची खुर्ची करून घेतली आणि एसटीच्या टपावर घालून नांदेडला नेली. कंडक्टर म्हणाला, "साहेब, बसायला जागा न्हाई म्हणून खुर्ची घेऊन आलात का?" सगळी गाडी हसली. मीही हसलो. आता त्या खुर्चीवर धुतलेले कपडे पडलेले होते, आणि जिच्यासाठी ती आणली ती आई खुर्चीच्या पायाशी मांडी घालून बसली होती.

मी उपाय केले. पहिल्यांदा कॅमेऱ्याची वायर काढली. चहाचा घोट पोटात जायच्या आत जावयाचा फोन आला. "दादा, तिकडे लाइट गेली का? कॅमेरा बंद दाखवतोय. अण्णा ठीक आहेत ना?" मी वायर लावली.

दुसऱ्यांदा त्याच्यावर हातरुमाल टाकायला गेलो. आई जागच्या जागी कळवळली. "आरं, जावयाच्या तोंडावर फडकं टाकतो का? अक्कल हाय का तुला?" रुमाल खिशात गेला.

तिसऱ्यांदा मी त्याचं तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याला आपोआप पूर्वीच्या जागी यायची सवय. घर्र आवाज करून त्याने मान वळवली आणि पुन्हा आईसमोर आला. आई घाबरून मला म्हणाली, "बघ. कळलं त्यांना. राग आला."

त्या दिवशी मी हसून हसून लोळलो. परतीच्या बसमध्ये मात्र खिडकीला डोकं टेकलं ते लातूरपर्यंत उचललं नाही. घरातली प्रत्येक वस्तू हल्ली पासवर्ड मागते. टीव्ही मागतो, गॅसची नोंदणी मागते, अण्णांची पेन्शन मागते, आणि सगळ्यांचं उत्तर माझ्याकडे असतं. या एका वस्तूने पासवर्ड मागितला नाही. तिने मान मागितला. तो आईने दिला.

हळूहळू बैठकीचं रूप पालटलं. टीव्ही कॅमेऱ्याच्या बरोबर खाली असल्यामुळे टीव्ही बघणं म्हणजे जावयाच्या डोळ्याला डोळा देणं. म्हणून आईने मालिका सोडली. अण्णा मोबाईलवर शेतीचे व्हिडिओ बघत, तेही आवाज बंद करून. दुपारी गल्लीतल्या बायका गप्पांना यायच्या, त्या उंबऱ्यावरूनच आत डोकावून परत जाऊ लागल्या. आमच्या शेजारच्या खाला तर दारातूनच म्हणाल्या, "दामाद बैठेला है अंदर, हम कैसा आना? नक्को बाबा." मग आईच बाहेर पायरीवर जाऊन त्यांच्यात बसायची. पायरी सतरंजीपेक्षा चार बोटं उंच, एवढाच काय तो फायदा.

मी म्हणालो, मी ताईला सांगतो. धाकटी असली तरी मी तिला ताईच म्हणतो. आईने माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ हाय, पोरीला एक शब्द सांगशील तर. जावयानं मायेनं लावलं. तिकडं तिच्या सासूच्या कानावर गेलं की आमच्या पोराचा डोळा टोचला म्हणतील. जन्मभर ऐकून घ्यावं लागंल तिला. माझे गुडघे काय, आज न्हाई उद्या जळणारच हायेत."

बाई गुडघ्यांचं असं बोलू लागली की पोराने काय करावं? पोराने गप्प बसावं आणि मोहरीचं तेल गरम करून आणावं. मी आणत असे. तेल स्वयंपाकघरात लावायचं, कारण तिथवर जावयाची नजर पोचत नव्हती.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. दर तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं. जावई म्हणजे साक्षात नारायण. ताईच्या मुलाची कसली तरी प्रवेश परीक्षा होती, तिला निघता येईना. महिना संपत आला. जावई कामासाठी हैदराबादला जाणार होता, तो वाटेत नांदेडला उतरेल असं ठरलं. आई म्हणाली, "पोरगी पुढल्या खेपंला जेवंल. मान जावयाचा हाय."

अनारशाचं पीठ आईने स्वतः केलं. मी आदल्या दिवशीच गेलो होतो. तिला ओट्यापाशी उभं राहताना पाहिलं. एका पायावर भार देऊन, मग दुसऱ्या पायावर, मग पहिल्या. गरम तव्यावर अनवाणी उभं असल्यासारखी. मी म्हणालो, अनारसे विकत मिळतात. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खोबरं किसायला घेतलं.

जावई आला. बैठकीत पाट मांडला, रांगोळी काढली. आईने खाली बसून त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. तो संकोचून अर्धा झाला होता. "आई, कशाला, राहू द्या ना," म्हणत होता. त्याने मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला होता, आणि त्यात पुण्याहून ताई सगळं बघत होती. म्हणजे त्या खोलीत एक जावई पाटावर होता, एक भिंतीवर होता, आणि लेक तांब्यापाशी होती. हे सगळं झाल्यावर आईला उठायचं होतं. मी पाहिलं. तिने एक हात भिंतीला लावला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला, ओठ आवळले आणि उठली. माझ्या खांद्यात तिची बोटं रुतली होती. जावई तेव्हा ताईला ताट दाखवत होता.

आई स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभी राहिली. आम्ही पुरुष जेवायला बसलो. तूप ओतलं गेलं, धोंडे फुटले, जावई खुलला. पोट भरलं की चांगली माणसंसुद्धा कौतुक करू लागतात.

"दादा, एक सांगू का?" तो मला म्हणाला. "आईंचं मानलं पाहिजे. मी रोज कॅमेऱ्यात बघतो. या वयात मस्त मांडी घालून खाली बसतात. तास न् तास. खुर्चीला हात लावत नाहीत. मी हिला म्हणालो, अगं, डॉक्टर घाबरवतात. गुडघे एवढे खराब असते तर त्या खाली बसल्या असत्या का? म्हणून आम्ही ते ऑपरेशनचं तूर्त थांबवलंय. हॉस्पिटलची तारीख मिळाली होती, ती सोडून दिली."

 तारीख मिळाली होती, हे मला माहीत नव्हतं. सोडली, हेही नव्हतं. दारामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

आता इथे मी काहीतरी नाट्यपूर्ण बोललो असं तुम्हाला वाटेल. दुकानात ही गोष्ट सांगताना मी बोलतोसुद्धा. उभा राहतो, बोट रोखतो, एक दणदणीत वाक्य टाकतो. खरं म्हणजे मी वरणाकडे बघत बसलो होतो. बोलले ते अण्णा. अण्णांना कमी ऐकू येतं असा आमचा समज आहे. त्या दिवशी सगळं ऐकू आलं होतं.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "एक इचारू का?"

"विचारा ना, अण्णा."

"तुमी त्या भिंतीवरून जरा खाली उतरता का?"

जावई हसला. त्याला वाटलं म्हातारे चेष्टा करतात. मग त्याने अण्णांचं तोंड पाहिलं.

"तुमी वर हाव म्हणून ती खाली हाय," अण्णा म्हणाले. "तुमच्या म्होरं खुर्चीवर कशी बसंल? आन् तुमी तर चोवीस तास म्होरं. गुडघे मोडून ठेवलेत बाईनं तुमच्या मानापायी. मी बी शर्ट घालून उकडून मरायलोय. पण माझं सोडा."

"अहो, काय बी बोलू नका पावण्यापुढं!" दारामागून आई ओरडली. मग माझ्या नावावर, "सांग रे त्यांना, तसं काही न्हाई म्हणावं."

"तसंच आहे," मी म्हणालो.

शपथ पोरीला न सांगण्याची होती. जावयाचं त्यात काही नव्हतं. आणि पोरीला मी सांगितलंच नाही; पोरगी तांब्यापाशी बसून ऐकत होती. तिथून तिचा बारीक आवाज आला. "काय झालं? कोणाचे गुडघे? अहो, फोन उचला ना, मला तुमची कोपरं दिसायलीत नुसती."

जावयाने फोन उचलला नाही. तो पाटावर बसून सतरंजीकडे बघत होता. आई रोज बसते त्या जागी सतरंजीला खळगा पडलेला आहे.

"मला वाटलं तुम्ही बऱ्या आहात," तो दाराकडे बघून म्हणाला. "मी रोज बघत होतो."

"राग आला का इचार त्यांना," आई मला म्हणाली.

"राग नाही आई." त्याचे कान लाल झाले होते. त्याने उठून हात धुतले, फोन उचलला आणि ताईला म्हणाला, "ऐक. तुझ्या मोबाईलवर ते ॲप घे. मी पासवर्ड पाठवतो. माझ्यातून काढून टाकतोय. इथून पुढे फक्त तू." थोडा वेळ त्याची बोटं चालली. मग त्याने फोन माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. ऐन दुपारची वेळ होती, बाहेर भट्टी पेटलेली. दाराकडे पाठ करून बसला आणि आत वळून पाहिलं नाही.

भिंतीवर घर्र झालं. कॅमेऱ्याने मान हलवली आणि त्यातून ताईचा आवाज आला.

"आई? आता मी आहे."

आई दारातून बाहेर आली. पदर डोक्यावरच. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे.

"ते आत न्हाईत ना?"

"नाहीत. मी एकटीच."

"कशावरून?"

"कशावरून काय, आई! बरं, तुझ्या मागे कपाटावर अनारशाचा डबा उघडा पडलाय. मुंग्या लागतील. आणि तू ही साडी कामून नेसलीस? मी आणलेली काय पेटीत ठेवायला आहे का?"

आईचा चेहरा निवळला. असं बोलणारा जावई जगात नसतो.

तरीही तिने माझ्याकडे हात पुढे केला. मी फोन दिला. तिने तो पदराने पुसला, आत नेला आणि देवघरात, समईच्या बाजूला, पालथा ठेवला. मग परत आली. खुर्चीवरचे कपडे उचलून माझ्या अंगावर टाकले. खुर्चीचे दोन्ही हात धरून, एक एक बोट जागेवर बसवत, ती मागे टेकली. लाकूड करकरलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. पदर डोक्यावरून घसरला, तो तिने घसरू दिला.

"बसले," ती भिंतीला म्हणाली.

"बस गं. निवांत बस. दुखतं का खरंच?"

 आईने उजवा पाय समोरच्या पाटावर ठेवला आणि साडी गुडघ्याच्या वर ओढली. मी स्वयंपाकघरात तेल लावायचो, पण तिथे उजेड कमी असतो. इथे खिडकीतून सगळं ऊन त्या गुडघ्यावर पडलं होतं. सुजून तो गोल राहिला नव्हता. एका बाजूला फुगला होता, कातडी ताणून चकाकत होती, आणि पाय सरळ होत नव्हता. आतल्या अंगाला वाकून राहिला होता. अण्णांनी तोंड फिरवलं.

  भिंतीवर घर्र आवाज झाला आणि कॅमेऱ्याने मान खाली घातली, अजून थोडी खाली, गुडघ्याच्या समोर येईपर्यंत. त्यातून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई, अगं हे... मी काय बघत होते इतके दिवस? आम्ही तारीख सोडली गं. मी आत्ता फोन लावते हॉस्पिटलला. आत्ता लावते."

"रडू नको," आई म्हणाली. "आधी नीट बगून घे." आणि तिने दोन्ही हातांनी दुसरा पाय उचलून पाटावर ठेवला. "डावा लई हाय."